‘वाचलेले पैसे हीच वॉरंटी’ म्हणे!

अर्धा_दर (मूळ पोस्ट): ग्रे मार्केटचा माल, म्हणजे कंपनीच्या अधिकृत वितरकाला वळसा घालून दुसऱ्या देशातून आणलेला, अस्सलच असतो, त्याच कारखान्यातला. वॉरंटी हा कंपन्यांनी उभा केलेला बागुलबुवा आहे. वाचलेले पैसे हीच वॉरंटी.

भिंगवाला: शेवटचं वाक्य वाचून डोकं फिरलं. माल अस्सल आहे, हे कोण नाकारतंय? बिघडल्यावर कोण उभं राहणार, ते बोला. कॅमेऱ्याची वॉरंटी बऱ्याचदा देशापुरतीच असते. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरचा माणूस सिरियल नंबर टाकतो, माल कुठल्या देशासाठी होता ते त्याला दिसतं, विषय संपला. निकॉनची अमेरिकेतली शाखा तर ग्रे माल पैसे मोजूनही दुरुस्त करत नाही. मग ते वाचलेले पैसे घेऊन जायचं कुठे?

अर्धा_दर: चांगल्या कारागिराकडे! आणि पक्कं बिल असून मला काय मिळालं? वॉरंटीतला फोन ‘लिक्विड डॅमेज’ म्हणून परत. आतला, ओल लागल्याचं दाखवणारा पांढरा स्टिकर लाल झालाय म्हणे. फोन पाण्यात कधी पडलाच नाही.

सुरवंट: स्टिकर!! माझाही लालच निघाला. मी फोटो मागितला, तर ‘पॉलिसीत बसत नाही’.

ठोकताळा: बाथरूममध्ये गाणी ऐकत असाल.

सुरवंट: तुम्ही माझ्या बाथरूममध्ये होतात का? कंपनीची वकिली फुकट करता की पगारी?

ठोकताळा: तुमच्यासारखे फोन भिजवतात आणि भुर्दंड आमच्या माथी.

भिंगवाला: अहो, स्टिकर राहू द्या! अधिकृत माल असेल तर निदान भांडता तरी येतं. ग्रे मालात भांडायचं कुणाशी?

कलमबहाद्दर: विकणाऱ्याशी. सॅमसंगच्या प्रिंटरांवरून दिल्ली उच्च न्यायालयात खटला झाला होता. २०१२ मध्ये खंडपीठाने असा माल आणून विकायला मुभा दिली, पण अट घातली: कंपनीची वॉरंटी आणि सेवा नाही, ती विक्रेता स्वतः देणार, हे दुकानात ठळक लिहायचं. युरोपातही नव्या वस्तूतल्या दोषाला विक्रेता किमान दोन वर्षं बांधील असतो, कंपनीचं कार्ड असो वा नसो.

भिंगवाला: कागदावर छान आहे. माझ्या मेहुण्याला मिळालेल्या ‘सेलर वॉरंटी’ कार्डावर नुसता शिक्का आणि मोबाईल नंबर. ऑटोफोकस गेला तेव्हा तो नंबर बंद.

अर्धा_दर: म्हणजे मेहुण्याने दुकान चुकीचं निवडलं. त्यात ग्रे मार्केटचा काय दोष?

भिंगवाला: वा! तुमचा फोन नाकारला तर कंपनी चोर, आमचा विक्रेता पळाला तर मेहुणा बावळट.

सुरवंट: स्टिकरबद्दल ग्राहक आयोगात कुणी गेलंय का?

अर्धा_दर: बरं, बाईसाहेब कॅमेरा घ्यायच्या म्हणताहेत, तो अधिकृतच घेतो. झालं समाधान? ट्रायपॉडला तरी परवानगी आहे ना?

भिंगवाला: ट्रायपॉड खुशाल घ्या. चार्जर घेताना मात्र त्यावर १००-२४० व्होल्ट लिहिलंय का बघा. जळला तर कारागीर आहेच तुमचा.