मदत हवी आहे: चार्ट वाचताना चूक झाली, कंट्रोलरने फोन नंबर दिलाय, काय करू?

कॉलेजरोडकर_९९: मंडळी अर्जंट आहे. मागच्या मंगळवारी सोलो क्रॉस कंट्रीला (एकट्याने लांबचं उड्डाण) कंट्रोल्ड एअरस्पेसमध्ये, म्हणजे कंट्रोलरच्या ताब्यातल्या हवाई हद्दीत घुसलो, मला कळलंसुद्धा नाही, आणि उतरल्यावर टॉवरवाल्याने "पॉसिबल पायलट डेव्हिएशन" (पायलटकडून नियम मोडला गेला असावा) म्हणून एक नंबर लिहून घ्यायला लावला. चार्ट बघूनच गेलो होतो, आपण खालून चाललोय याची पूर्ण खात्री होती. परवा ताईच्या लग्नासाठी नाशिकला आलो, घरी कोणालाच बोललेलो नाही, मांडव पडलाय आणि माझ्या डोक्यात हेच. सगळं ट्रेनिंग वाया जाणार का? फोन करू का नको? प्लीज लवकर सांगा.

सिन्नरकर: ओझरला घुसलास की काय? तिथं एचएएल आहे, लढाऊ विमानं असतात. गांधीनगरला आर्मीची हेलिकॉप्टरं. मोठं प्रकरण होईल बाबा.

कॉलेजरोडकर_९९: ओझर नाही हो काका, अमेरिकेत ट्रेनिंगला आहे, ते लिहायचंच राहिलं.

ड्रोनवाला_पंचवटी: भावा आधी डिजिटल स्कायचा (सरकारी ड्रोन साइट) नकाशा बघायचा ना. विमानतळाच्या हद्दीपासून ५ ते ८ किमी यलो (परवानगी लागते), ८ ते १२ मध्ये २०० फुटांपर्यंत ग्रीन (लागत नाही), त्याच्या बाहेर ४०० फूट. मी लग्नाच्या शूटिंगला जातो तेव्हा हे आधी बघतो.

मॅजेंटा: ते ड्रोनचं झालं, याचं विमान आहे. @कॉलेजरोडकर, हवाई हद्दीचा क्लास कोणता? चार्टवरची रेषा निळी का मॅजेंटा (गडद गुलाबी)? अल्टिमीटरवर किती होतं आणि चार्टवर आकडा काय होता? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

कॉलेजरोडकर_९९: मॅजेंटा सलग रेषा, क्लास सी, बाहेरचं कडं. वर ५१ खाली २३ लिहिलंय. मी २५०० वर होतो. तिथली जमीन ११०० फुटांवर आहे, म्हणजे फ्लोअर (हद्दीचा तळ) ११०० अधिक २३०० असा ३४०० ला, मी ९०० फूट खाली. बरोबर ना?

मॅजेंटा: इथंच चुकलास. ते २३ जमिनीपासून नाही, समुद्रसपाटीपासून. २३ म्हणजे २३०० फूट, अल्टिमीटरवर दिसतात तेच फूट. तू २५०० वर, म्हणजे २०० फूट आत. जमिनीपासून बाराशे आणि समुद्रसपाटीपासून २३००, जागा एकच. नाशिकचंच घे. आपलं गाव समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, म्हणजे अल्टिमीटर समुद्रसपाटीवर लावून विमान इथं जमिनीवर उभं असलं तरी काटा २००० च्या आसपास दिसणार. ड्रोनवाले भाऊ म्हणतात ते ४०० फूट मात्र जमिनीपासून. दोन्ही मापं डोक्यात एकत्र झाली की हे असं होतं.

कॉलेजरोडकर_९९: बाप रे. आत्ता चार्ट उघडून बघितला. प्लॅनिंगला पेन्सिलीने मीच बाजूला ३४०० लिहून ठेवलंय.

टॅबलेटप्रेमी: म्हणून कागद सोडा. मी ॲपवर उडतो, हद्द जवळ आली की अलर्ट येतो. कागदी चार्ट ५६ दिवसांनी जुना होतो, कोण विकत घेत बसणार.

मॅजेंटा: आणि टॅबलेट उन्हात तापून बंद पडला की? आकडा वाचता आला नाही तर ॲपवरही हीच चूक होते. त्यापेक्षा फ्लाइट फॉलोइंग घ्यायचं, म्हणजे रडारवाला वाटेत लक्ष ठेवतो. क्लास सी ला क्लास बी सारखी "क्लिअर्ड" परवानगी लागत नाही, कंट्रोलरने तुझा कॉलसाइन (रेडिओवरचं विमानाचं नाव) घेऊन उत्तर दिलं की आत जाता येतं. रडारवाल्याशी आधीच बोलत असता तर हा धागाच निघाला नसता.

टॅबलेटप्रेमी: माझ्या सहा वर्षांत एकदाही बंद पडला नाही.

आई_सातपूर: माझा मुलगा बारावी सायन्सला आहे, त्यालाही पायलट व्हायचंय. फिजिक्स मॅथ्स लागतं ना? कमर्शियलला २०० तास म्हणतात, खरं का?

मॅजेंटा: हो ताई, दोन्ही खरं. वेगळा धागा काढा, सविस्तर लिहितो.

सिन्नरकर: फोन मुळीच करू नकोस. बोललेलं सगळं रेकॉर्ड होतं.

गोदाकाठ: काका, न केल्याने ते विसरत नाहीत, विमानाचा नंबर त्यांच्याकडे आहेच. मी तिकडेच शिकलोय. भावा, आधी नासाचा एएसआरएस फॉर्म (उड्डाणातली चूक स्वतःहून कळवायचा) भर, ऑनलाइन आहे. घटनेपासून १० दिवसांत गेला पाहिजे. चूक नकळत झाली असेल, अपघात नसेल आणि आधीच्या ५ वर्षांत काही सिद्ध झालेलं नसेल, तर चूक नोंदवली गेली तरी दंड किंवा सस्पेन्शन लावत नाहीत. पावती जपून ठेव. मंगळवारपासून मोज, शुक्रवारी मुदत संपते. मग इन्स्ट्रक्टरला सांग, सोलोची सही त्याची आहे. त्याच्याशी बोलल्यावरच त्या नंबरवर फोन. अशा साध्या चुकीला बहुतेक वेळा पुन्हा ट्रेनिंग घ्यायला लावतात. आणि बोलताना खोटं एक अक्षर नको.

कॉलेजरोडकर_९९: फॉर्म भरला, ३४०० चं पण जसंच्या तसं लिहिलं. इन्स्ट्रक्टर सर फोन उचलत नाहीयेत, तिकडं पहाटेचे चार वाजलेत. हळद आटपली की साडेसातला परत लावतो. @मॅजेंटा, त्या ५१ चं पण तेच ना, समुद्रसपाटीपासून ५१००?

मॅजेंटा: हो. तेच.