‘ब्राइड प्राइस’ला मराठीत काय म्हणावं? हुंडा, देज, की आणखी काही?

नमस्कार. मी एका नायजेरियन कथेचा अनुवाद करते आहे. मूळ कथा इंग्रजीत, घर एनुगूजवळच्या गावातलं, माणसं इग्बो, म्हणजे पूर्व नायजेरियातल्या एका मोठ्या समाजातली. त्यात मुलाचे काका मुलीच्या चुलत्यांसमोर बसून ‘डाउरी’ ठरवतात. पहिल्या खर्ड्यात मी सरळ ‘हुंडा’ लिहिलं. आईनं वाचलं आणि विचारलं, “मुलाकडचे एवढे खातेपिते, मग मुलीच्या बापाला का पिळतात?” म्हणजे अख्खी कथाच उलटी झाली! पैसे देतोय मुलगा, पण ‘हुंडा’ वाचलं की आपला वाचक ते मुलीच्या बापाच्या खिशातून काढतो.

‘वधूमूल्य’ लिहून पाहिलं, तर बाजारात उभं राहिल्यासारखं वाटतं. कथेतली मुलगी शिकलेली, नोकरी करणारी, चर्चच्या गायनवृंदात गाणारी आहे. हा विधी झाल्याशिवाय तिला स्वतःचं लग्न लागल्यासारखं वाटत नाही. तिच्या तोंडी ‘मूल्य’ कसं घालू?

*

ताई, ‘हुंडा’ काढाच. मी बारा वर्षं नायजेरियात होतो, त्यातली बरीचशी लागोसला, आणि सहकाऱ्यांच्या खूप लग्नांना गेलो. तिथल्या इंग्रजीत मुलाकडून जाणाऱ्या रकमेलाही सर्रास डाउरी म्हणतात. पूर्व नायजेरियात १९५६ साली या रकमेवर मर्यादा घालणारा कायदा झाला, त्याच्या नावातच ‘लिमिटेशन ऑफ डाउरी’ आहे. मर्यादा होती ३० पौंड. पाच वर्षांनी, १९६१ला, आपल्याकडे डाउरी प्रोहिबिशन अ‍ॅक्ट आला आणि मराठीत तो हुंडा प्रतिबंधक कायदा झाला. इंग्रजी शब्द एकच. तिथे जावयाचा खिसा वाचवायचा होता, इथे सासऱ्याचा.

आता इग्बो लग्नाबद्दल. आधी मुलाकडचे ‘दार ठोठवायला’ येतात, त्याला इकू आका म्हणतात. रक्कम ठरवायची बैठक ती इमे एगो. एगो म्हणजे पैसा. मुलीकडून एक यादी मिळते: कोनफळाच्या जातीचे याम, ताडी, बिअरची खोकी, बकरा, तपकीर, मुलीच्या आईसाठी लुगडी. इमो राज्यातल्या म्बाइसे भागाची यादी लांबीसाठी देशभर प्रसिद्ध आहे. रोख रक्कम पुष्कळदा नावापुरती घेतात, घाम फुटतो तो यादीनं. त्या लुगड्यांत ‘जॉर्ज’ नावाचं भारी कापड असतं. ते नाव आलं मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जवरून, आणि कापड पिढ्यान्‌पिढ्या आपल्या देशातून तिकडे जात आलंय. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी त्या आईच्या कमरेचं लुगडं बघतच राहिलो.

शेवटी इग्बा न्क्वू. मुलीच्या हातात ताडीचा पेला देतात. भरल्या मांडवात ती नवरा शोधत फिरते, बाकीचे पुरुष ‘इकडे, इकडे’ करून तिला बोलावतात, ती हसत पुढे जाते. तो सापडला की गुडघे टेकून घोटभर स्वतः घेते आणि पेला त्याला देते. त्यानं प्यायला की लग्न. पुष्कळ चर्चमध्ये हे घरचं लग्न उरकल्याशिवाय पाद्री पुढचं पांढऱ्या झग्यातलं लग्न लावत नाहीत, म्हणून तुमच्या नायिकेला तसं वाटणं अगदी खरं आहे. आणि प्रथेप्रमाणे ती रक्कम परत केल्याशिवाय काडीमोड पुरा होत नाही. सासरी जाच असला आणि माहेरी परत करायला पैसे नसले, तर बाई अडकते. हेही तिथल्या बायकांकडूनच ऐकलंय.

*

मी डहाणूकडे शिक्षिका आहे. आपल्याकडे यासाठी शब्द आहे की! देज. ‘देज दिलं’, ‘देज ठरलं’. वारल्यांमध्ये मुलाकडून मुलीच्या बापाला जातं ते देज. ‘वधूमूल्य’ हा पुस्तकातला शब्द, देज हा माणसांच्या तोंडचा. त्याच्या मुळाशी ‘देय’ आहे, म्हणजे द्यायचं ते. किंमत हा अर्थ त्यात आपोआप येत नाही.

पण एक सांगते. शब्द गोड आहे म्हणून प्रथा गोड होत नाही. ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढायचं आणि ते फेडायला नवराबायकोनं त्याच्या घरी राबायचं, अशा माणसांना ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५च्या वारली उठावात ही वेठबिगारी मोडली गेली. तेव्हा अनुवादात देज लिहाल, तर त्या यादीचा भारही वाचकाला जाणवू द्या.

*

मी रत्नागिरीचा. एक भर घालतो, कारण ‘नायजेरियन’ म्हटलं की सगळं एका टोपलीत जातं. उत्तरेतल्या हौसा मुसलमानांत ‘सदाकी’ असते, ती आपल्या मेहेरसारखी. ती बापाला नाही, खुद्द नवरीला मिळते. तिथे देज लिहिलंत तर ते चूक होईल. आपल्या १९६१च्या कायद्यानंही मुस्लिम व्यक्तिगत कायद्यातली मेहेर डाउरीच्या व्याख्येतून वगळली आहे. शिवाय मुलाकडून कपड्यालत्त्यांनी भरलेल्या पेट्या जातात, ते ‘लेफे’. आणि नवरीचं घर भांड्याकुंड्यांनी सजवायचं ते तिच्या माहेरानं. कानो राज्य सरकार सामूहिक लग्नं लावतं, तेव्हा सदाकीची रक्कमही सरकारच भरतं. हौसात निकाहाला ‘दाउरिन अउरे’ म्हणतात, शब्दशः लग्न बांधणं. आपण लग्नगाठ म्हणतो तेच.

*

बरोबर. मी मघाचा लागोसवाला. आणि नैऋत्येचे योरुबा आणखी वेगळे. त्यांचा शब्द ‘ओवो ओरी’, डोक्याचा पैसा. ओरी म्हणजे डोकं, पण त्यांच्या जुन्या धर्मकल्पनेत ओरी म्हणजे माणसानं सोबत आणलेलं प्राक्तनही. आपण ‘कपाळात लिहिलेलं’ म्हणतो त्याच्या जवळचं. आता त्यातली कित्येक घरं रक्कम स्वीकारतात आणि भर मांडवात परत करतात: आम्ही मुलगी विकत नाही. मी एका लग्नात हे पाहिलं. मुलगा आणि त्याचे मित्र सासऱ्यांसमोर लोटांगण घालून पडले होते, आणि म्हाताऱ्यानं पाकीट परत हातात दिलं. पुढे मांडलेल्या भेटवस्तूंतून नवरीला एक उचलायला सांगतात. ती आधी बायबल उचलते, मुसलमान असेल तर कुराण. मध, मीठ, कोला (मान म्हणून पाहुण्यांना देतात ते कडवट बी) यांवर जुन्या रीतीचे आशीर्वादही त्याच बैठकीत होतात. एकाच घरात एक भाऊ मुसलमान, एक ख्रिस्ती असणं योरुबांत नवं नाही. धर्म बदलला तरी लोटांगण बदललं नाही.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘देज’ पक्कं, फक्त इग्बो घरासाठी. आणखी दोन शब्द या चर्चेमुळे सुटले. ‘उमुन्ना’ला मी ‘पितृवंशीय नातलग’ असं काहीतरी लिहून ठेवलं होतं, ते आता भावकी. आणि ‘उमुआदा’, म्हणजे त्या कुळातल्या लग्न होऊन गेलेल्या लेकी, ज्या माहेरच्या भांडणात आणि मर्तिकात हक्कानं येऊन बसतात, त्या माहेरवाशिणी. आपल्याकडच्या माहेरवाशिणींना एवढा अधिकार नसतो याची रुखरुख आहे, पण याहून जवळचा शब्द मला दिसत नाही.

वाक्य असं झालंय: ‘भावकीसमोर कोला फोडला आणि मग देजाचं बोलणं निघालं.’ आपल्याकडे लग्न ठरताना सुपारी फोडतात, म्हणून ‘फोडला’ आपसूक आलं. चालेल?

*

‘फोडणं’ चालेल. इग्बोतही क्रिया तीच, फोडणं. सर्वांत वडीलधारा प्रार्थना म्हणतो, मग ते बी फोडून वाटतात. चार पाकळ्या निघाल्या तर त्यांच्या चार दिवसांच्या आठवड्यातल्या चार बाजारदिवसांशी त्यांचं नातं लावतात: एके, ओरिए, आफो, न्क्वो. पण ताई, ‘कोला’ बदला. त्यांचा शब्द ओजी. तिथले म्हातारे म्हणतात, ओजीला इंग्रजी कळत नाही. कुणी कितीही शिकून आलेला असो, घरातली मुलं परदेशात वाढलेली असोत, ओजीवरची प्रार्थना इग्बोतच व्हायची.

*

बदललं. आणि सुपारीच्या चालीवर स्त्रीलिंगी केलं: ‘भावकीसमोर ओजी फोडली आणि मग देजाचं बोलणं निघालं.’ आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मग यादीत काय काय होतं ते सांग.”