जड वायूचा ढग: विंड टनेलवर कितपत विसंबायचं?

कडुनिंब: लग्नात स्टेजवर ड्राय आइसचा धूर सोडतात. तो वर जात नाही, पायऱ्यांवरून ओघळत पहिल्या रांगेतल्या काकूंच्या पायाशी येतो. क्लोरीनचंही तेच. हवेच्या जवळपास अडीचपट जड, जमिनीलगत सरकतो आणि सखल जागी साचतो. हा ढग कुठवर जाईल ते विंड टनेलमध्ये (पंख्याने वारा सोडलेल्या बोगद्यात) ठेवलेल्या १:१०० मॉडेलवर ठरवणं मला भातुकली वाटते. जडपणा आणि वारा यांचं नातं खऱ्यासारखं ठेवायचं तर (फ्रूड नंबर) वाऱ्याचा वेग दहावा हिस्सा करावा लागतो. लांबी शंभरावा हिस्सा, वेग दहावा, म्हणजे रेनॉल्ड्स नंबर (लांबी आणि वेगावरून प्रवाह किती खळबळेल ते सांगणारा आकडा) हजारपट घसरला. मग खळबळ उरते कुठे?

खाडीकाठ: मग मैदानात जा की! इंग्लंडात थॉर्नी आयलंडवर १९८२-८४ मध्ये गेलेच होते. बारा बाजूंच्या तंबूत २००० घनमीटर फ्रीऑन-नायट्रोजन भरायचा आणि तंबूच्या भिंती झटकन खाली पाडायच्या. पण हवामान जुळेपर्यंत ताटकळायचं, आणि हाती येणार एकच ढग. तोच प्रयोग पुन्हा केला तरी त्याच जागचा वायूच्या प्रमाणाचा आकडा बदलतो. एका डावावरून फलंदाजाची सरासरी काढाल का? टनेलमध्ये पन्नास वेळा सोडा.

कडुनिंब: त्या तंबूतला वायू हवेच्याच तापमानाचा होता. खरी गळती गारठलेली असते, सोबत थेंबही उडतात. अमोनिया एरवी हवेहून हलका, पण नेवाडातल्या १९८३ च्या डेझर्ट टॉर्टॉइज चाचणीत त्याचा ढग जमिनीलाच चिकटून गेला. तुमच्या टनेलमध्ये ते थेंब कुठून आणणार?

बिनधास्त: सीएफडीच्या (कॉम्प्युटरवर प्रवाहाचं गणित मांडण्याच्या) जमान्यात हा वाद कशाला?

खाडीकाठ: सीएफडी बरोबर की चूक हे कशावर ताडून बघणार? याच आकड्यांवर ना? थेंबांचा मुद्दा मान्य. पण आवाराला भिंत घालावी का, किती उंच, ढग शेडमागे अडकेल का, हे टनेलमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून दिवसभरात कळतं. थॉर्नीला त्यासाठी पाच मीटरचं कुंपण उभारावं लागलं होतं.

कडुनिंब: भिंतीपुरतं सोडून दिलं. पण भीती असते ती वारा पडलेल्या रात्रीची. सेकंदाला एक मीटरचा वारा तुमच्या टनेलमध्ये दहा सेंटीमीटर होतो. आमच्याकडे आलेल्या टनेल-चाचणीच्या अहवालात वारा पाच मीटर धरला होता, आणि तेही परिशिष्टात, बारीक अक्षरात.