29 नोव्हेंबरला शाळेत काय करावं? (अडगावची लढाई, 1803)

मास्तरीण_तेल्हारा

नमस्कार मंडळी. मी तेल्हारा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवते. आमच्याकडं 26 जुलैला कारगिल आणि 16 डिसेंबरला विजय दिवस मनापासून होतो. पोरं 93 हजारांचा आकडा तोंडपाठ सांगतात, नकाशात ढाक्यावर बोट ठेवतात. मला त्याचं कौतुकच आहे. पण त्याच पोरांना शाळेमागच्या पांदणीनं थोडं पुढं गेलं की काय झालं होतं, ते ठाऊक नाही. मलाही लग्न होऊन इथं येईपर्यंत नव्हतं.

29 नोव्हेंबर 1803. अडगाव आणि शिरसोलीच्या मधलं हे रान. एकीकडं इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची फौज, सकाळपासून चालून थकलेली. समोर नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांची फौज, त्यांचे भाऊ व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांच्या हाताखाली, आणि सोबत शिंद्यांचं घोडदळ. आपली फळी पाच मैलांहून लांब होती. दिवस कलल्यावर तोंड लागलं आणि अंधार पडायच्या आत आपण हरलो. 38 तोफा गेल्या. पळणाऱ्यांचा पाठलाग चांदण्यात चालला.

आता मुद्द्याचं. माझ्या सासऱ्यांना, मामाजींना, तीसेक वर्षांपूर्वी नांगरटीत एक लोखंडी गोळा सापडला. मोसंबीएवढा, गंजून खडबडीत झालेला. तेव्हापासून आत्याबाई तो ओसरीच्या दाराला लावतात, वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून. परवा मी तो पिशवीत घालून किराणा दुकानात नेला आणि काट्यावर ठेवला. 2 किलो 640 ग्रॅम. येताना पिशवीचा बंद हाताला रुतत होता आणि डोक्यात एकच होतं, की हा कुणाच्या तरी अंगावर सोडलेला आहे.

यंदा 29 तारखेला शाळेत काहीतरी करावं, असं मी पालकसभेत बोलले. मागून एक आवाज आला, "हारल्याचा दिवस कोन करते मॅडम?" मला तिथं नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून इथं विचारते. हरलेल्या लढाईचा दिवस करावा का? आणि दहा वर्षांच्या लेकरांसोबत करायचा, तर कसा?

माजी सैनिक, वाशीम जिल्हा

ताई, आधी गोळ्याचं बोलतो, बाकी मग. तो उजेडात घेऊन सगळीकडून नीट पाहा. कुठं बुजलेलं छिद्र दिसतं का? दिसलं तर तो पोकळ, आत दारू भरायचा गोळा असू शकतो. तसं असेल तर त्याला हात लावू नका, चुलीपासून, उन्हापासून, पोरांपासून दूर ठेवा आणि ठाण्यात कळवा. जुनी दारू आहे, काय होणार म्हणून खरवडत बसू नका. माझी 28 वर्षं फौजेत गेली, हे कळकळीनं सांगतो. छिद्र नसेल तर भरीव आहे, भीती नाही. तरी तहसीलदारांना लेखी कळवून ठेवा. भंगारात तर मुळीच देऊ नका.

वजनावरून तो सहा पौंडी तोफेचा वाटतो. त्या काळी तोफेचं नाव गोळ्याच्या वजनावरून पडायचं. सहा पौंड म्हणजे 2 किलो 720 ग्रॅम, त्यातलं थोडं दोनशे वर्षांच्या गंजानं खाल्लं. पण असल्या तोफा दोन्हीकडं असायच्या, त्यामुळं तो इंग्रजांचा की आपला, हे वजनावरून सांगता येत नाही. पोरांना हेच सांगा.

आणखी एक सांगा. आपल्या तोफांचा मारा सुरू झाला तेव्हा वेलस्लीच्या तीन देशी पलटणी मोडून मागं पळाल्या. हे तेच मद्रासकडचे शिपाई, जे दोन महिन्यांआधी, 23 सप्टेंबरला, आसईच्या लढाईत भयंकर माऱ्यात उभे राहिले होते. वेलस्ली स्वतः जवळ होता, त्यानं त्यांना गोळा करून पुन्हा उभं केलं. आपण जवळ नसतो तर लढाई हातची गेली असती, असं त्यानंच लिहून ठेवलं. माणूस एका दिवशी उभा राहतो आणि दुसऱ्या दिवशी पळतो. मी 71 साली पश्चिमेच्या सरहद्दीवर होतो. पहिल्या रात्री माझे पाय कसे लटलट कापत होते, ते मला ठाऊक आहे. शाळेत बोलावलं की लोकांना फक्त विजय ऐकायचा असतो.

तुमच्या सभेतल्या त्या भावाला सांगा, घरी वडलांचं वर्षश्राद्ध घालतो ते काही जिंकलो म्हणून घालत नाही. फौजेतही हा विचार झालेला आहे. हिंदुस्थान जिंकून घ्यायला इंग्रजांनी ज्या लढाया केल्या, त्यांचे मान जुन्या पलटणींच्या नावावर होते. स्वातंत्र्यानंतर ते साजरे करायचे नाहीत असं ठरलं. आसई त्यात आहे, अडगावही आहे. तुम्हीही साजरा नका करू, पाळा. ढोलताशा नको. पोरांना पांदणीनं हजार पावलं मोजत न्या, मग मागं वळून शाळेकडं पाहायला सांगा. तोफेच्या माऱ्यात एवढं अंतर चालत जायचं म्हणजे काय, हे भाषणापेक्षा लवकर कळेल.

परतवाड्याची लेक

मॅडम, 29 तारखेवर थांबू नका, ही गोष्ट महिनाभर चालते! अडगावहून इंग्रज गाविलगडावर आले. वेलस्ली दक्षिणेकडून आणि दुसरा इंग्रज सेनानी स्टीव्हन्सन मेळघाटातून फिरून उत्तरेकडून. स्टीव्हन्सनच्या माणसांनी जड तोफा डोंगरातून ओढत नेल्या, रस्ता करत करत. 15 डिसेंबरला तट फोडून ते आत शिरले. आतल्या कोटाला शिड्या लावून चढावं लागलं. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला.

मी दर डिसेंबरात चिखलदऱ्याला गेले की गडावर जाते. दिल्ली दरवाजावर कोरलेले दोन तोंडांचे गंडभेरुंड आहेत. सकाळी त्या दगडाला हात लावला की बोटं बधिर होतात. बेनीसिंगाची माणसं याच थंडीत तटावर उभी होती, हे मला दरवेळी तिथंच आठवतं.

मग 17 डिसेंबरला भोसल्यांचा देवगावचा तह आणि 30 डिसेंबरला शिंद्यांचा सुर्जी-अंजनगावचा. पहिल्यानं कटक ईस्ट इंडिया कंपनीकडं गेलं आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडं. गाविलगड आणि नरनाळा तेवढे भोसल्यांकडं राहिले. तुमच्या पोरांच्या आज्या अंजनगावच्या बाजारात गेल्या असतील, पण त्या नावाचा तह आहे हे कुणी सांगितलं नसेल. तुम्ही सांगा.

काटोलकर

थोडं आमचंही. 26 आणि 27 नोव्हेंबरला नागपूरच्या सीताबर्डीची लढाई, 1817 ची. आप्पासाहेब भोसले विरुद्ध इंग्रजांचा रेसिडेंट जेंकिन्स. म्हणजे तुमच्या अडगावाच्या तीनच दिवस आधीची तारीख, वर्षं मात्र चौदा पुढची. सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडं आहे, लोकांना 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टलाच आत सोडतात. लढाईच्या दिवशी आम्ही खाली रस्त्यावर उभं राहून वर पाहतो. तुमचं रान तर उघडं आहे. आमच्यापेक्षा तुम्ही भाग्यवान.

मास्तरीण_तेल्हारा

सगळ्यांचे मनापासून आभार. सुभेदार साहेब म्हणू का तुम्हाला? हुद्दा ठाऊक नाही, चुकलं तर सांगा. तुमचा निरोप वाचला आणि गोळा आधी अंगणात नेला. मामाजींनी चष्मा लावून, बोट फिरवून सगळीकडून पाहिला. छिद्र नाही, भरीव आहे. तहसीलदारांच्या नावे अर्ज लिहिला आहे, सोमवारी देते.

29 ला शाळा सुटायच्या आधी आम्ही निघणार. मामाजींच्या धुऱ्यावर थांबायचं. आता तिथं पऱ्हाटी आणि तुरी उभ्या आहेत, तूर माझ्या डोक्यावर गेली आहे. त्या दिवशीही उंच पिकापलीकडचं दिसत नव्हतं म्हणतात, ते लेकरांना तिथं उभं राहूनच दाखवता येईल. मग हजार पावलं. गोळा प्रत्येकाच्या हातात एकदा द्यायचा, दोन्ही हातांनी धरायला सांगून. कुणाचा होता, हे आपल्याला सांगता येत नाही, असंही सांगायचं. दिवस मावळेपर्यंत थांबायचं आणि मग घरोघरी सोडायचं. पालकांना तशा चिठ्ठ्या दिल्या आहेत.

सभेत बोलले होते त्या भाऊंनाही चिठ्ठी गेली, त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात आहे. काल ते रस्त्यात भेटले. म्हणाले, "मॅडम, पोरं चालून थकतीन. मी बैलगाडी घेऊन येतो मांगून." 15 डिसेंबरला गाविलगडाला जाता येईल का, हेही त्यांनीच विचारलं. परतवाड्याच्या ताई, एसटीचं कसं आहे तेवढं कळवा.