'फ्युचुरामा'तलं ते प्रमेय खरंच सिद्ध केलेलं आहे
'फ्युचुरामा' या अमेरिकी कार्टून मालिकेतलं गणित नुसतं दिखाव्याचं, असं काही जण म्हणतात. नाही भाऊ. 2010च्या 'द प्रिझनर ऑफ बेंडा' भागासाठी लेखक केन कीलर (उपयोजित गणितात पीएचडी, हार्वर्ड) यांनी प्रमेय रीतसर सिद्ध केलं: यंत्रानं दोन देहांतली मनं अदलाबदल होतात, एकदा बदललेली देहांची जोडी पुन्हा बदलता येत नाही, तरी दोन नवे गडी मिळाले की सगळी मनं आपापल्या देहात परततात.

दाण्यांनी करून पाहा: वाटी म्हणजे देह, दाणे म्हणजे मन. तुरीच्या वाटीत हरभरा, हरभऱ्याच्या वाटीत तूर. ज्वारी, सोयाबीन हे दोन नवे गडी, आपापल्या जागी. अदलाबदल अशी: तूर-ज्वारी, हरभरा-सोयाबीन, तूर-सोयाबीन, हरभरा-ज्वारी, शेवटी ज्वारी-सोयाबीन. नावं वाट्यांची, आतल्या दाण्यांची नव्हे. घोळ इथंच होतो. पाचवी अदलाबदल विसरली तर मदतीला आलेले दोघेच अडकतात!