ग्रिडचं लायसन्स कुणाच्या नावावर घ्यायचं?

रत्नागिरीकर (प्रश्न)
मी एकटाच काम करतो. इथल्या एका आंबा व्यापाऱ्यासाठी पेट्यांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर केलंय: कुठल्या बागेतून किती आल्या, त्यात पाच डझनी किती, सहा डझनी किती, वाशीला किती गेल्या नि पट्टी कितीची आली. बागेच्या नावावर टिचकी मारली की खाली डझनवारी उघडते. त्यासाठी एजी ग्रिड या स्क्रीनवर तक्ते दाखवणाऱ्या तयार सॉफ्टवेअरचं एंटरप्राइज, म्हणजे विकतची आवृत्ती, वापरलंय. लायसन्सची की (विकत मिळणारा कोड) अजून घेतलेली नाही, त्यामुळे तक्त्यावर त्यांच्या नावाचा वॉटरमार्क येतो. शेठ म्हणाले, "हे कोणाचं नाव आलंय माझ्या पेट्यांवर?" पाडव्याआधी चालू करायचंय, आणि त्यांना सगळा सोर्स कोड हवाय, पुण्यातला पुतण्या पुढे बघणार म्हणे. लायसन्स मी घ्यायचं की त्यांनी?

देवगडवाला
ही लायसन्सं कोड लिहिणारी डोकी मोजतात, स्क्रीन बघणारी नाही. मुकादम, दिवाणजी कितीही वापरोत. पुतण्या कोडला हात लावणार म्हणजे तो धरला जाणार. शिवाय एजी ग्रिडचं डिप्लॉयमेंट लायसन्स म्हणून निराळं प्रकरण आहे. स्वतःच्या संस्थेबाहेर अ‍ॅप दिलं की ते लागतं. त्यापेक्षा शेठच्याच नावावर घे, कोटेशनमध्ये वेगळी ओळ टाक. मजुरीत मिसळलंस तर पुढच्या वर्षी अपडेटचे पैसे तुझ्याच खिशातून. घेण्याआधी कंपनीला एक मेल टाकच.

मालवणातून
माझा पण असाच झालेला. तारकर्लीच्या एका हॉटेलाला बुकिंगचा तक्ता हँड्सऑनटेबल या तसल्याच तयार सॉफ्टवेअरवर करून दिला. ते आधी एमआयटी लायसन्सवर होतं, म्हणजे धंद्यालाही फुकट, २०१९ मध्ये सातव्या आवृत्तीपासून धंद्यासाठी विकतचं झालं. मी न वाचता अपडेट मारला. तक्त्याखाली 'लायसन्सची की नाही' असा मजकूर यायला लागला, तेव्हा फुकटवाली की डकवली. ती की म्हणजे चक्क 'नॉन-कमर्शिअल-अँड-इव्हॅल्युएशन' एवढे शब्द! दोन वर्षांनी मालकाच्या जावयाने कोड उघडून मला ते मोठ्याने वाचून दाखवलं. दिवाळीत, फराळ पुढ्यात असताना.

रत्नागिरीकर
दोघांचे आभार. शेठना आकडा सांगितला. म्हणाले, "एवढ्यात माझे खोके नि पेंढा येईल." मग एंटरप्राइज काढलंच. कम्युनिटी आवृत्ती एमआयटीची आहे, लायसन्सचा मजकूर सोबत ठेवला की झालं. गटवारी तिच्यात नाही, ती बेरीज आता डेटाबेसातच 'ग्रुप बाय' या गट पाडणाऱ्या आज्ञेने करतो. बागा चौदाच आहेत. टिचकीऐवजी वर निवडायला यादी दिलीय. पुतण्याला कोड परवा पाठवला.