खर्च कमी करण्यासाठी जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये द्यावी का?

राजारामपुरीकर
नमस्कार. माझ्याकडे 2014 ची पेट्रोल हॅचबॅक आहे. कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत रोजचे जाणे-येणे असल्यामुळे महिन्याला सुमारे 1,000 किलोमीटर रनिंग होते आणि गाडी लिटरला 14 किलोमीटर देते. पेट्रोलचा खर्च जड होऊ लागल्याने ही गाडी शोरूमला देऊन कंपनीनेच सीएनजी बसवून दिलेली नवी गाडी घेण्याचा विचार आहे. शोरूमने जुन्या गाडीचे 1,60,000 रुपये सांगितले असून, उरलेल्या रकमेसाठी 5 लाखांचे कर्ज काढावे लागेल. हा व्यवहार करावा का?

उद्यमनगरचा मिस्त्री
हेतू केवळ खर्च कमी करण्याचा असेल, तर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पेट्रोल 105 रुपये धरले, तर आपल्याला किलोमीटरमागे साडेसात रुपये पडतात. सीएनजी 90 रुपये किलो आणि 25 किलोमीटरचे ॲव्हरेज धरले, तर तोच खर्च 3 रुपये 60 पैशांवर येतो, म्हणजे महिन्याला 3,900 रुपये वाचतात. मात्र 5 लाखांच्या कर्जाचा साडेनऊ टक्के दराने पाच वर्षांसाठी हप्ता साधारण 10,500 रुपये बसतो. शिवाय नव्या गाडीचा विमा महाग असतो आणि तिची किंमत पहिल्या काही वर्षांतच सर्वाधिक घसरते, हा खर्च खिशातून रोज जात नसल्याने कोणी मोजत नाही.

त्याऐवजी आहे त्या गाडीला मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवण्याचा विचार करावा. त्याआधी इंजिनाचे कॉम्प्रेशन तपासून घ्या, कारण सीएनजी कोरडे इंधन असल्याने झिजलेल्या व्हॉल्व्ह सीटवर (इंजिनातली झडप जिथे टेकते त्या कडेवर) त्याचा ताण अधिक येतो. चारही सिलिंडरमध्ये दाब सारखा दिसला, तरच पुढे जावे. किट बसवल्यावर आरटीओकडून आरसीमध्ये नोंद करून घेणे, विमा कंपनीला कळवणे आणि दर तीन वर्षांनी टाकीची चाचणी करणे आवश्यक आहे. डिकीतली जागा जाते, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

राजारामपुरीकर
धन्यवाद. सुट्टीत आम्ही गगनबावड्यावरून करूळ घाटाने कोकणात जातो. तेव्हा गाडी ओढेल का?

उद्यमनगरचा मिस्त्री
सीएनजीवर ताकद थोडी कमी होते. घाटात बटण पेट्रोलवर टाकावे.

शाहूपुरीची वाचक
तरीही गाडी बदलायचीच ठरली, तर जुनीची विक्री आणि नवीची खरेदी यांचे भाव वेगवेगळे ठरवा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. जुन्या गाडीला चांगली किंमत देऊन नव्या गाडीवरची सूट गुपचूप कमी करणे शोरूमला सहज जमते. आपल्याला सांगितलेल्या 1,60,000 रुपयांत एक्स्चेंज बोनस (जुनी गाडी दिल्याबद्दलची जादा सूट) धरला आहे का, हे प्रथम विचारावे, कारण तो धरला असेल, तर गाडीची खरी किंमत तेवढी कमी लावलेली आहे. आमची गाडी पाहायला आलेल्या माणसाने दारांच्या कडांचे रबर ओढून आतले वेल्डिंग पाहिले आणि टायरवरच्या चार अंकांवरून ते कोणत्या वर्षातले, कोणत्या आठवड्यात बनलेले आहेत, हे वाचून प्रत्येक गोष्टीचे पैसे कापले. म्हणून सर्व्हिसिंगची बिले सोबत न्यावीत आणि आधी बाहेरच्या दोन ठिकाणी भाव काढावा. सप्टेंबर 2025 मध्ये लहान गाड्यांवरील जीएसटी 18 टक्क्यांवर आल्याने जुन्या गाड्यांचे भावही खाली आले आहेत, हेही लक्षात असू द्या.

कसबा बावडा
कागदपत्रांबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. गाडी शोरूमच्या आवारात सोडली, तरी आरसीवर आपले नाव असेपर्यंत जबाबदारी आपली राहते. 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीकृत मालकालाच जबाबदार धरले होते. एप्रिल 2023 पासून अधिकृत जुन्या-गाडी विक्रेत्यांसाठी स्वतंत्र नियम लागू झाले असून, ताबा देताना फॉर्म 29 सी भरून आरटीओला ऑनलाइन कळवता येते. त्याची पोच हातात पडल्याशिवाय चावी देऊ नये. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देण्याची पद्धत अजूनही दिसते, ती आपण मान्य करू नये. नो क्लेम बोनस (विम्याचा क्लेम न घेतल्याबद्दलची सूट) गाडीचा नसून मालकाचा असतो, तेव्हा त्याचे प्रमाणपत्र विमा कंपनीकडून मागून घ्यावे. सलग पाच वर्षे क्लेम घेतला नसेल, तर नव्या गाडीच्या विम्यातील, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यावर 50 टक्के सूट मिळते. फास्टॅगही त्याच दिवशी बंद करावा.